एकट्याने निघण्याचा अधिकार

गेल्या काही वर्षांत आपल्या जुन्या मराठी कुटुंबांतून एक नवाच संकल्प ऐकू येऊ लागला आहे. नोकरीतून निवृत्त झालेला, मुलाबाळांची कार्ये उरकलेला, प्रकृतीने बरा असलेला एखादा गृहस्थ कोणाची तरी वापरलेली मोटार विकत घेतो आणि घरात जाहीर करतो की, आता मी एकटाच देश पाहायला निघणार. आपल्या पणजोबांच्या काळी काशीयात्रेला निघणारा माणूस आधी सोबत शोधीत असे; सोबत जुळेपर्यंत मुहूर्तही खोळंबत असे. त्या वळणात वाढलेल्या घराला हा संकल्प चमत्कारिक वाटावा, यात नवल नाही. मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, 'या वयात हे नसते धाडस कशाला?' दुसरा म्हणतो, 'त्यांचा जीव, त्यांची गाडी, त्यांचे पैसे. आपण कोण सांगणार?' पहिल्या पक्षाजवळ माया असते पण युक्तिवाद नसतो. दुसऱ्या पक्षाजवळ युक्तिवाद असतो, परंतु तो वाटतो तितका पक्का नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या युक्तिवादाचा विचार करावयाचा आहे. आपल्या जिवाला पत्करलेला धोका हा खरोखर केवळ आपलाच असतो काय?

प्रथम एकट्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. अशा प्रवासाचा बेत आखणारे बहुतेक जण ज्या रस्त्यावर बोट ठेवतात, तो म्हणजे २०१० च्या नव्या क्रमांकनानुसार राष्ट्रीय महामार्ग ४४ झालेला श्रीनगर ते कन्याकुमारी हा रस्ता. आपल्याला तो परका नाही. पानिपत, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, नागपूर, हैदराबाद ही नावे या एकाच दोरीत ओवलेली आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज यांतल्या कुठल्या ना कुठल्या गावी येऊन स्थिरावले. त्यांतील पानिपताचे नाव या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलके आहे. १७६१ च्या त्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर बुणगे होते, बायकामुले होती, फौजेच्या आश्रयाने तीर्थयात्रा घडेल या आशेने निघालेली माणसेही होती. निर्णय घेणारे थोडे आणि त्याचे फळ भोगणारे असंख्य, असा तो प्रवास होता. सोबत ही नेहमीच सुरक्षितता नसते. पुष्कळदा ती दुसऱ्याच्या निर्णयावर टांगलेली आयुष्येच असतात. एकटा निघणारा मनुष्य म्हणू शकतो की, मी निदान कोणाला माझ्यामागून ओढीत नेत नाही. हे म्हणणे हलके नाही.

या म्हणण्याला तत्त्वज्ञानाचाही आधार आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधात एक उदाहरण दिले आहे. एक मनुष्य मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकू पाहत आहे. पूल धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक नाही आणि सांगण्याइतका वेळही नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. कारण नदीत पडावे अशी त्याची इच्छाच नसते. परंतु पूल कोसळेलच अशी खात्री नसून नुसती शक्यता असेल, तर मिलच्या मते त्या माणसाला धोक्याची जाणीव द्यावी आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोपवावा. बळाने अडवू नये. शहाण्यासुरत्या प्रौढ माणसाच्या बाबतीत हाच न्याय योग्य वाटतो. आई-वडील म्हातारे झाले म्हणून मुलांना त्यांचे पालक होता येत नाही.

मात्र मिलच्या उदाहरणात एक अट दडलेली आहे, ती सहसा नजरेआड होते. पुलावर जाण्याचा अधिकार आहे तो पूल कसा आहे हे जाणणाऱ्याला. नव्याने घेतलेली जुनी गाडी ही नेमकी अशा पुलासारखी वस्तू आहे. तिचा पूर्वेतिहास दुसऱ्याच्या आयुष्यात घडलेला असतो. ती कोणी कशी हाकली, पुरात उभी होती काय, तिचे तेल वेळेवर बदलले काय, हे नव्या मालकाला बाहेरच्या चकचकीत रंगावरून कळत नाही. म्हणून येथे जाणून घेणे ही नुसती व्यवहारातली हुशारी उरत नाही, ते कर्तव्य होते. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ती पाहिली की नक्षी शाबूत असलेले टायरही किती म्हातारे आहे ते समजते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि लांब घाटाच्या उतारावर तापले की दगा देऊ शकते. इंजिनचा बेल्ट, कूलंटच्या नळ्या, स्टेपनीतील हवा, जॅक, या साऱ्यांची विचारपूस गॅरेजमध्ये बसून करता येते. त्यानंतरही ती गाडी दोन-तीन महिने आपल्याच गावाच्या पंचक्रोशीत चालवून तिचे आवाज ओळखीचे करून घ्यावेत, मगच दूरचा विचार करावा. ज्याला एवढा धीर नाही, त्याने धोका पत्करला असे म्हणता येत नाही. त्याने धोक्याकडे पाहायचे नाकारले, एवढेच.

येथून प्रश्नाला दुसरे वळण लागते. रोमन विचारवंत सिसेरो याने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक वाद नोंदविला आहे. एक मनुष्य आपले घर विकीत आहे. घर रोगट आहे, लाकूड खराब आहे, परंतु हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. त्याने ते गिऱ्हाइकास सांगितले पाहिजे काय? डायोजिनीस नावाचा स्टोइक पंडित म्हणतो, विकणाऱ्याने कोणाला जबरदस्ती केलेली नाही. न सांगणे म्हणजे फसविणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, जाणूनबुजून दुसऱ्याला चुकू देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्याहूनही वाईट. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. जुन्या मोटारीच्या बाजारात हा वाद आजही रोज घडतो आणि गाडी घेताना आपण सारे अँटिपेटरच्या पक्षाचे असतो. परंतु तीच गाडी घेऊन निघताना घरच्यांशी आपण कसे वागतो? 'गाडी अगदी ठणठणीत आहे, काळजी करू नका,' असे पत्नीला सांगणारा गृहस्थ मिस्त्रीने ब्रेकविषयी काढलेली शंका पोटात ठेवतो, तेव्हा तो त्या घर विकणाऱ्याच्याच जागी उभा असतो. तो जी वस्तू विकतो ती म्हणजे घरच्यांची निश्चिंती. आपल्या धोक्याचा निर्णय आपण घ्यावा हे खरे, पण त्या निर्णयामुळे ज्यांच्या रात्री जाग्या राहणार त्यांना खरी हकीकत कळण्याचा हक्क आहे. त्यांची संमती मिळेलच असे नाही, आणि ती मिळालीच पाहिजे असेही माझे म्हणणे नाही. सत्य मात्र त्यांना द्यावे लागेल.

आता घराबाहेरच्या माणसांकडे वळू. मोटार ही पायी यात्रेसारखी नाही. पायी जाणारा थकला तर स्वतः वडाखाली बसतो. मोटार हाकणारा थकला तर समोरून सायकलवर शाळेला निघालेल्या मुलाच्या नशिबी काय येईल सांगता येत नाही. आपल्या कायद्याने हा भेद नीट ओळखला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरविणे ऐच्छिक आहे, परंतु तिऱ्हाइताला होणाऱ्या हानीचा विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या मालमत्तेशी जुगार खेळण्याची मोकळीक आहे, दुसऱ्याच्या हातापायांशी नाही. तसेच २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी विकली गेली तरी परिवहन कार्यालयात ज्याचे नाव मालक म्हणून नोंदलेले आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते. म्हणजे नव्या मालकाने नाव बदलण्याचा कंटाळा केला, तर त्याच्या एकट्याच्या प्रवासाचे ओझे मागच्या मालकाच्या खांद्यावर बसते, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. 'माझा जीव, माझी गाडी' या वाक्यातील 'माझी' हा शब्द आधी कागदावर खरा करावा लागतो.

एकट्या चालकाचा खास शत्रू म्हणजे झोप. शेजारी कोणी असेल तर तो मान डुलताना पाहतो, खांद्यावर हात ठेवतो. एकट्याला आपली मान डुललेली दिसत नाही. ज्या बुद्धीने ते ओळखायचे तीच बुद्धी त्या वेळी मंदावलेली असते. म्हणून हा निर्णय थकव्याच्या क्षणावर सोडणे योग्य नाही. तो घरी, दिवसाउजेडी, ताज्या डोक्याने आधीच घेऊन ठेवावा लागतो. एका बाजूच्या सुमारे चार हजार किलोमीटरांसाठी रोज तीनशे ठरविले तर चौदा दिवस लागतील. रोज सहाशे ठरविले तर आठवडा पुरेल. या दोन बेतांत फरक फक्त सुट्टीचा आहे असे वाटते, परंतु दुसऱ्या बेतात रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा वाटा आपण परस्पर कापून घेतलेला असतो. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, दर दोन तासांनी उतरायचे, गावातून जाताना वेग उतरवायचा, हे नियम त्या अनोळखी माणसांशी केलेले करार आहेत. सिवनी आणि नागपूर यांच्या दरम्यान पेंचच्या जंगलात हाच महामार्ग खांबांवर उचलून त्याखालून वन्य प्राण्यांना वाट ठेवली आहे. रस्ता आपल्या एकट्यासाठी नाही, हे तेथे सिमेंटात लिहून ठेवले आहे.

यावर कोणी विचारील की, एवढ्या साऱ्यांचा हिशेब ठेवला तर तो प्रवास एकट्याचा राहिला कुठे? मला वाटते, हाच या विषयाचा गाभा आहे. १९०३ साली होरेशिओ जॅक्सन नावाच्या डॉक्टराने पन्नास डॉलरच्या पैजेवर एक वापरलेली विंटन मोटार विकत घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत ६३ दिवसांत नेली. अमेरिका मोटारीने ओलांडणारा तो पहिला मनुष्य म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण त्याच्या शेजारी क्रॉकर नावाचा मेकॅनिक बसला होता, आणि पुढे वाटेत बड नावाचा कुत्राही सोबतीला आला. त्याआधी १८८८ मध्ये बेर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा बरोबर दोन मुलगे होते आणि इंधन मिळाले ते वाटेतल्या एका औषधांच्या दुकानात. आपल्या महाभारतातही महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिर एकटा उरला असे आपण म्हणतो, पण त्याच्या मागोमाग एक कुत्रा चालत होता, आणि स्वर्गाच्या दारीही त्याला टाकून देणे युधिष्ठिराने नाकारले. एकटेपणा म्हणजे नाती नसणे, असा अर्थ या कथांतून निघत नाही. कोणाशी किती अंतरावरून नाते ठेवायचे हे माणूस काही काळ स्वतः ठरवितो, इतकाच त्याचा अर्थ.

परक्याच्या मदतीचेही तसेच आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. ढाब्यावरचा पोऱ्या, ट्रकवाला, पंक्चर काढणारा, ही माणसे आपल्याकडे अजून धावून येतात. त्यांची मदत कृतज्ञतेने घ्यावी, परंतु तिचा आगाऊ हिशेब मांडून स्टेपनी घरी ठेवू नये. दान घेणे आणि दान गृहीत धरणे यांत फार अंतर आहे.

शेवटी घरी राहणाऱ्यांच्या कर्तव्याविषयी. खरी हकीकत कळल्यावर त्यांनीही मोकळे सोडायला शिकले पाहिजे. दर तासाला वाजणारा भ्रमणध्वनी ही काळजी नसून पाळत होते, आणि हाकणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडविते. रात्री मुक्कामी पोहोचल्यावर एक निरोप, एवढे दोघांनी ठरवावे आणि दोघांनी पाळावे. शिवाय हाच संकल्प घरातल्या बाईंनी सोडला तर काय होते, हेही प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. पुरुषाला आपण 'कशाला जाता?' असे विचारतो. बाईंना मात्र 'कोणाला विचारून जाता?' असे विचारतो. पहिल्या प्रश्नात चिंता आहे, दुसऱ्यात मालकी आहे. जो न्याय काकांना लागू, तोच काकूंना लागू झाला पाहिजे. रस्त्यावरचे धोके त्यांच्यासाठी वेगळे असतील, पण त्यांचा विचार करून निर्णय घेण्याचा अधिकार वेगळा नाही.

तेव्हा एकट्याने निघण्याचा अधिकार आहे, असेच उत्तर द्यावे लागते. मात्र तो गाडीच्या किल्लीबरोबर हाती येत नाही. गाडी जाणून घेतली, कागद आपल्या नावे केले, घरी खरे सांगितले, अनोळखी माणसांसाठी वेगाला आणि रात्रीला मर्यादा घातली, म्हणजे तो हळूहळू मिळत जातो. बेताच्या वहीत मुक्कामांच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहावी: कोणत्या कारणाने परत फिरायचे. ब्रेक जड झाला, छातीत दुखले, दोन रात्री झोप लागली नाही, तर झाशीहून किंवा नागपूरहून माघारी वळायचे, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. ज्याने ही ओळ निघण्यापूर्वी लिहिली आहे, त्याला घरच्यांनी गाडीपर्यंत पोहोचवायला जावे, डबा द्यावा आणि हसतमुखाने निरोप द्यावा.