आजचा दिवस कोणाचा?

खरवईंत आमच्या शेजारीं एक चार वर्षांचा मुलगा राहतो. रोज संध्याकाळीं त्याला अक्षरें गिरवावयास बसवितात. पेन्सिल बोटांत ठरत नाहीं, रेघ ओळीबाहेर जाते आणि शेवटीं त्यास रडूं कोसळतें. एकदां मीं भीत भीत विषय काढला, तेव्हां लोकलच्या गर्दींतून नुकतेच घरीं आलेले त्याचे वडील म्हणाले, "सर, आज बसविला नाहीं तर उद्यां मागें पडेल. तुमचें ठीक आहे. तुम्ही शिकून बसलांत."

हें उत्तर मला झोंबलें. इंग्रजी विद्येचीं फळें स्वतः चाखून झाल्यावर दुसऱ्याच्या मुलास खेळूं द्या, असा उपदेश करणें सोपें असतें. त्या बापाची भीति खरी आहे. प्रश्न इतकाच कीं, मुलाच्या उद्यांच्या दिवसासाठीं त्याचा आजचा दिवस खर्ची घालण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे?

या प्रश्नाचें एक उत्तर आमच्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत सांपडतें. बोर्डी येथें (हें गांव आतां पालघर जिल्ह्यांत मोडतें) १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारिणी झाल्या. १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसोरीबाईंचीं महाग साधनें खेड्यांतील गरिबांस परवडणारीं नव्हतीं. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथेंच रुजली, आणि १९७५ पासून सरकारच्या बालविकास योजनेमार्फत हें नांव देशभर पोंचलें.

परंतु अशा खेळास कोणीं मोकाट सोडणें समजूं नये. शिंपले लहानमोठे पाहून ओळीनें लावतांना मूल तुलना व क्रम शिकतें; संख्येचा पाया तोच होय. बिया ओंवतांना बोटांस जें वळण लागतें, तेंच पुढें पेन्सिल धरतांना उपयोगीं पडतें. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या मुलास पुस्तकांतील वाक्य परकें वाटत नाहीं. येथेंही अभ्यासक्रम आहे. मात्र तो मुलाचें वय पाहून आखलेला असल्यामुळें आखणाऱ्यास अधिक श्रम पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानून खेळांतून शिकण्यावर भर दिला आहे.

तेव्हां आज आणि उद्यां यांचें वैर आपण कल्पिलेलें आहे. आजचा दिवस वयाप्रमाणें जगलेलें मूलच उद्यांसाठीं खरें तयार होतें.

हें सर्व मीं शेजाऱ्यांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें विचारलें, "पण शाळेंत प्रवेशाच्या वेळीं लिहितां आलें नाहीं तर?" यावर मजजवळ उत्तर नव्हतें. लिहितें मूल मागणारी शाळा आणि तें पाहून मौन धरणारे आम्ही सुशिक्षित जोंवर बदलत नाहीं, तोंवर ही जोखीम एकट्या बापानेंच कां घ्यावी? त्या मुलाच्या रडण्यांत माझ्या मौनाचाही वांटा आहे, हें मला त्या दिवशीं कळलें.