एकशे पाच तास

रस्त्यापासून सुरू करतो.

जून २०२२. अमरावती-अकोला महामार्ग, लोणी ते माना. ७५ किलोमीटरच्या एका लेनवर डांबराचा थर चढला १०५ तास ३३ मिनिटांत. ३ तारखेच्या सकाळी काम धरलं, ७ च्या सायंकाळी संपलं. ७२० माणसं रात्रंदिवस राबली. गिनीज बुकात नोंद झाली, पेपरात फोटो आले. फोटोत कोण होते अन् कोण नव्हते, हे तुम्हाला सांगायला नको.

मी रस्त्याच्या विरोधात नाही. कित्येक वर्षं तो उखडलेला होता. बडनेऱ्याहून एस्टीनं मूर्तिजापूरले जायचं म्हणजे हाडं मोजत जायचं. झाला, चांगलं झालं. पण त्या १०५ तासांनी डोक्यात एक किडा सोडला. मनात आलं तर पाच दिवसांत होते. मंग जे होत नाही, ते होत नाही की केलं जात नाही?

त्याच साली माझी बहीण अकोल्याला शिकत होती. तिच्या शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष उलटल्यावर आला. कोणत्या टेबलावर अडकला, कोणी सांगितलं नाही. तोवर मायनं कानातलं मोडलं. तिथं तास मोजायला कोणी घड्याळ घेऊन उभं नव्हतं.

मी गिरणीतला माणूस. अर्थशास्त्र रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. बजेटात दोन खाती असतात, भांडवली आणि महसुली. डांबर, लोखंड, सिमेंट पहिल्यात. मास्तरचा पगार, शिष्यवृत्ती, नर्सबाई दुसऱ्यात. पहिल्याला गुंतवणूक म्हणतात, दुसरा नुसता खर्च. टिकते ते भांडवल, असा हिशेब. डांबर टिकते. अन् शिकलेली पोरगी काय पहिल्या पावसात वाहून जाते? खातेवहीतही वर्ण आहेत, बाप्पा.

कोरोनात गिरणी बंद पडली तेव्हा मी मायसोबत रोजगार हमीवर नाल्यातली माती उपसली. २०२०-२१ मध्ये केंद्रानं त्या कामांवर सुमारे १ लाख ११ हजार कोटी खर्च केले. २०२३-२४ च्या बजेटात तरतूद धरली ६० हजार कोटी, अन् भांडवली खर्चाला १० लाख कोटी. पुढं रोजगार हमीची रक्कम वाढवावी लागली. अर्थव्यवस्था सावरली म्हणत होते. मंग फावडं घेऊन रांगेत उभे होते ते कोण?

पाळीतला जोडीदार म्हणतो, "अबे, रस्ताच नसता तं गाठी गेल्या असत्या कशा? तुहा पगार त्याच्याच भरोशावर हाय." अर्धं खरं आहे. गाठ लवकर पोचते, पण वाचलेला वेळ माझ्या हजेरीत उतरत नाही.

१२ मार्च १९२७ ला बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते अन् दारूच्या करातून माणशी दोन रुपयांवर वसूल करते. जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्चा, एवढंच त्यांचं मागणं. आठ दिवसांनी ते महाडला तळ्यावर होते. आपण महाड पाठ केलं. कौन्सिलातला हिशेब वाचला नाही. मीही परवापरवापर्यंत वाचला नव्हता.

जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के पैसा मागासवर्गीयांसाठी खर्चायचा असतो. येत्या रविवारी विहारात तिचं अंदाजपत्रक घेऊन बसतो आहोत. येताना पेन्सिल आणा.