पांखराचा आवाज कोणाचा?

अलीकडे पाश्चात्य देशांत, व थोड्याफार प्रमाणांत आपल्याकडेहि, कलाप्रदर्शनाचा एक नवा प्रकार रूढ होत आहे. लांकडाचे, धातूचे वा तारांचे पक्षी घडवावयाचे, त्यांच्या सान्निध्यांत खऱ्या पक्ष्यांचे रानांत मुद्रित केलेले आवाज यंत्रानें वाजवावयाचे, आणि हा सगळा संभार गांवोगांव फिरवावयाचा. पाहणाऱ्यास घटकाभर रानांत गेल्याचा आनंद होतो. त्या आनंदास नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु आकृति आणि आवाज अशा प्रदर्शनांत जितक्या सहजपणें एकत्र नांदतात, तितक्या सहजपणें त्या दोहोंवर आपला हक्क पोंचतो काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आकृतीपुरतें बोलावयाचें तर आम्हां रत्नागिरीकरांना दूर जाण्याचें कारण नाहीं. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचें गोठणें या गांवांच्या आसपास जांभ्या दगडाच्या सड्यांवर कातळशिल्पें खोदलेलीं आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारें १८ मीटर लांब आहे. या शिल्पांत वाघ आहेत, मासे आहेत, माणसें आहेत, आणि पक्षीहि आहेत. त्यांचें वय हजारों वर्षांचें असावें असा अभ्यासकांचा तर्क असून २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत त्यांतील कांहीं स्थळें दाखल झालीं. तो पक्षी ज्यानें कोरला त्यानें पक्ष्याचें काय घेतलें? माझ्या मतें कांहींच नाहीं. पांखरूं सड्यावरून उडून गेलें. आपली आकृति मागें राहिली याची त्यास वार्ताहि नाहीं.

आवाजाची गोष्ट निराळी आहे. रूप अंगावर असतें. आवाज कोणाला तरी घातलेला असतो. मोराचा पिसाराहि लांडोरीसाठींच असतो, अशी हरकत कोणी घेईल, व ती कांहीं अंशीं खरीहि आहे. पण कातळांत कोरलेल्या मोराकडे लांडोर धांवत आल्याचें कोणी ऐकिलें नाहीं. पावसाळ्यापूर्वीं आमच्या परसांतला दयाळ पहांटे जी शीळ घालतो, ती आपली झोंप गोड व्हावी म्हणून नव्हे. हें परस माझें आहे, असें तो दुसऱ्या नरास बजावीत असतो, आणि मादीस बोलावीत असतो. ती शीळ म्हणजे एक पत्र आहे; त्यावर पत्ता आपला नाहीं. वाटेंत तें कानीं पडलें तर दोष कोणाचाच नाहीं. परंतु तें उतरवून घेऊन दिवाणखान्यांत पुनःपुन्हा वाचणें ही थोडी निराळी गोष्ट झाली.

पक्ष्याच्या आवाजाचें ज्ञात असलेलें सर्वांत जुनें मुद्रण १८८९ सालचें आहे. जर्मनींत लुडविग कॉख नांवाच्या आठ वर्षांच्या मुलानें तें मेणाच्या नळीवर केलें. गाणारा पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि राहणारा, दयाळाचाच आप्त. तो पिंजऱ्यांत होता. म्हणजे पत्र लिहिणाराच कैदेंत, आणि तेथें तें वाचणारें कोणीच नाहीं. त्या मुलास याचा दोष कोण देईल? पण आरंभ असा झाला हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पत्र वाचण्यापेक्षां खोटें पत्र लिहिणें अधिक वाईट. छायाचित्र घेण्यासाठीं रानांत जाऊन पक्ष्याचीच ध्वनिमुद्रिका वाजविणारे लोक आज पुष्कळ आहेत. नर समजतो कीं कोणी शत्रु आपल्या हद्दींत शिरला. मग चरणें टाकून, प्रसंगीं पिलांना टाकून, तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्यास शोधीत समोर येतो, आणि चित्र उत्तम निघतें! पिंजऱ्यांतल्या तित्तराच्या हांकेवर रानचे तित्तर धरणारा पारधी हेंच करी. परंतु पारध्याला निदान आपण शिकार करीत आहों हें ठाऊक होतें. हे गृहस्थ त्यास पक्षिप्रेम म्हणतात.

मग मुद्रणच करूं नये काय? इतका कडक निवाडा मला देववत नाहीं. हवाई बेटांपैकीं कौआई बेटावर ओओ नांवाचा पक्षी होता. त्याचा आवाज १९८७ नंतर कोणी ऐकिला नाहीं, आणि २०२३ सालीं अमेरिकन सरकारनें तो नामशेष झाल्याचें ठरविलें. त्याची शीळ मात्र मुद्रित आहे. ती नसती तर जगानें काय गमावलें याची जाणीवहि आपणांस राहिली नसती. पण तीच शीळ, कांहीं न सांगतां, चहाच्या पेल्याबरोबर ऐकवावी, हें मला सभ्यपणाचें वाटत नाहीं. मेलेल्या माणसाचें पत्र वाचून दाखवितांना तो मेला आहे एवढें तरी सांगतात.

आमच्या जिल्ह्यांतील जुन्या देवरहाटींत अजून धनेश उतरतो. त्याच्या पंखांचा घोष तो दिसण्यापूर्वींच ऐकूं येतो. विणीच्या दिवसांत मादी मोठ्या झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते. फटीएवढें तोंड उघडें राहतें, व नर त्यांतून तिला फळें भरवितो. अशी ढोली जुन्याच झाडास असते, आणि जुनें झाड विकतांना गांवाला फारसा विचार करावासा वाटत नाहीं.

तें फिरतें प्रदर्शन उद्यां रत्नागिरीस आलें तर मी अवश्य जाईन. तिकिटाचे पैसे देतांना मात्र विचारीन, कीं यांतला धनेश कोणत्या सालीं, कोणत्या राईंत मुद्रित केला, आणि ती राई अजून उभी आहे काय?