ऊन हात

आमच्या पळस्प्याच्या फाट्यावर दोन हमरस्ते वेगळे होतात. एक पुण्याकडे जातो, एक गोव्याकडे. अशा ठिकाणी राहणाऱ्याच्या कानांवर अपघातांच्या वार्ता नेहमीच येतात, आणि त्यांच्यामागून 'ब्रेन डेड' हा शब्द. तो बहुधा चुकीच्या अर्थाने येतो. बेशुद्ध पडलेला, कोमात गेलेला, सारेच लोकांच्या लेखी ब्रेन डेड! मी वैद्य नव्हे, मास्तर आहे. परंतु मनुष्य मेला असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न एकट्या वैद्यांचा खासच नव्हे.

कवटी ही बंद पेटी होय. डोक्याला मार बसून, रक्तवाहिनी फुटून, कधी बुडाल्यामुळे वा हृदय थांबल्यामुळे प्राणवायू न मिळून मेंदू सुजतो. पाय सुजला तर फुगतो. मेंदूला फुगावयास जागाच नाही. आतला दाब रक्ताच्या दाबाहून अधिक झाला की रक्त आत शिरत नाही, आणि मेंदूचा देठ मरतो. श्वासाची प्रेरणा त्या देठातून येते. हृदयाचा ठोका मात्र हृदयातच उपजतो. व्हेंटिलेटरने हवा भरत राहिले तर ते काही काळ चालते, आणि हात ऊन राहतो.

अरुणा शानबाग यांचे तसे नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच पाशवी हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला रक्त मिळाले नाही. तेथपासून १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्या ब्रेन डेड नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी सांगितले. जाणीव गेली होती, देठ जिवंत होता; श्वास त्यांचा त्या घेत होत्या. या दोन अवस्थांतली रेघ अशी श्वासाएवढी बारीक आहे, पण ती आहे.

ती रेघ १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मान्य केली. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात: प्रकाशाने बाहुली आकसते का, घशात नळी हलवली तर खोकला येतो का, यंत्र दूर केल्यावर छाती आपली आपण उचलते का. परंतु हा कायदा दानासाठी आहे. मृत्यूची नोंद होते ती १९६९ च्या कायद्याने, आणि त्यात मेंदूचे नावही नाही! नातेवाईकांनी अवयव दिले तर तो मेला. न दिले तर? पुष्कळ ठिकाणी मग यंत्र काढावयास डॉक्टर कचरतात, आणि बिल चढत राहते. एकच देह आईच्या होकाराने मृत आणि नकाराने जिवंत कसा ठरावा? तिच्या संमतीवर दान अवलंबून असावे. मुलाचा मृत्यू नव्हे.

तिचा हात त्या ऊन हातावर असतो. तेव्हा प्रथम तिला सांगावे की बाई, तुमचा मुलगा गेला, ही ऊब यंत्राने टिकवलेली आहे. तिला रडू द्यावे. दानाचा विषय त्यानंतर, वेगळ्या माणसाने काढावा. आणि ती नाही म्हणाली, तरी दाखल्यावर दुसऱ्या तपासणीचीच वेळ लिहावी.