पडलेल्या उमेदवाराचे देणे



निकाल लागला की आमच्या गावात दोनच शब्द ऐकू येतात. अमका निवडून आला, तमका पडला. माझी आजी निरक्षर होती, पण मतदान तिने कधी चुकवले नाही. आपल्या मताचा माणूस पडला की ती एकच विचारी, "आता तो आपल्या वस्तीत येईल का?" निवडून आलेल्याने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. पडलेल्याचे कर्तव्य कोणते, हा आजीचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोट्यवधी मते मिळवूनही एक माणूस पडतोच. तेथे हा प्रश्न सर्वांत मोठ्या रूपात दिसतो, म्हणून आपण तेथपासून आरंभ करू.

२००० साली अल गोर आणि जॉर्ज बुश यांची लढत झाली. देशभरात गोर यांना पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली. पण तेथे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निर्वाचकांच्या मतांवर. सारे फ्लोरिडा राज्यावर येऊन अडले, आणि तेथे बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने फेरमोजणी थांबवली. निर्णय आपणास पटत नाही, तरीही मान्य आहे, असे गोर यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केले.

खरी कसोटी पुढेच होती. निर्वाचकांच्या मतांची मोजणी संसदेत उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली होते, आणि त्या वेळी उपाध्यक्ष स्वतः गोरच होते. ६ जानेवारी २००१ रोजी कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी एकामागून एक उठले आणि फ्लोरिडाच्या मतांना हरकत घेऊ लागले. त्यांचे दुःख खरे होते. त्या राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतपत्रिका इतरांच्या मानाने जवळजवळ दहापट प्रमाणात बाद झाल्या, असा निष्कर्ष नागरी हक्क आयोगाने त्याच वर्षी काढला. परंतु नियमाप्रमाणे हरकतीवर एका सिनेटरचीही सही लागे, आणि एकाही सिनेटरने ती दिली नाही. आपल्याच बाजूने बोलणाऱ्यांच्या हरकती गोर यांनी नियमानुसार फेटाळल्या आणि प्रतिस्पर्ध्याचा विजय स्वतःच्या तोंडाने जाहीर केला.

हा न्याय झाला काय, असे तुम्ही विचाराल. बाद मतांच्या बाबतीत नाही झाला. मग गोर यांनी नियम बाजूला सारायला हवा होता काय? याचे उत्तर शोधताना दुसरा प्रसंग पाहू.

२०२० साली डोनाल्ड ट्रम्प पडले. ज्यो बायडेन यांना त्यांच्यापेक्षा सुमारे सत्तर लाख मते अधिक होती. ट्रम्प न्यायालयात गेले, यात काही गैर नाही. तो प्रत्येक उमेदवाराचा हक्क आहे. पण न्यायालयांनी दावे फेटाळल्यावरही विजय आपलाच, तो चोरला गेला, असे ते सांगत राहिले. ६ जानेवारी २०२१ रोजी मतमोजणी चालू असताना त्यांच्या समर्थकांचा जमाव संसद भवनात घुसला. पुढे २०२४ साली तेच ट्रम्प पुन्हा निवडून आले. त्या निवडणुकीत पडलेल्या कमला हॅरिस यांनी पराभव मान्य केला आणि ६ जानेवारी २०२५ रोजी उपाध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाची मोजणी शांतपणे पार पाडली.

म्हणजे पराभव न मानणारा गादीवर बसला आणि मानणारे घरी गेले. मग नीतीने वागून काय मिळाले?

बंधूंनो, नीतीची किंमत गादीने मोजायची नसते. नियम वाकवण्याचे बळ ज्याच्यामागे गर्दी आहे त्याच्याजवळ असते. माझ्या आजीमागे गर्दी नव्हती. तिच्याजवळ एक मत होते, आणि त्या मताची किंमत गावच्या पाटलाच्या मताइतकीच आहे, असे सांगणारा एक नियम होता. तो नियम मोडला तर सर्वांत आधी चिरडला जाईल तो दुबळाच. म्हणून पराभव मान्य करणे हे पडलेल्याचे पहिले देणे आहे.

पण एवढ्याने तो मोकळा होत नाही. ज्यांनी मते दिली त्यांचे देणे उरतेच. गोर यांनी पुढे तापत चाललेल्या पृथ्वीचा प्रश्न जगापुढे मांडला, २००७ साली त्यांना शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. काम मोठे आहे. तरी ज्यांची मते फ्लोरिडात बाद झाली त्यांचे देणे त्याने फिटले, असे मला वाटत नाही.

जिमी कार्टर १९८० साली अध्यक्ष असतानाच पडले. १९८२ साली त्यांनी एक संस्था काढली आणि ज्यांच्याकडून एकही मत मिळणार नव्हते अशा लोकांसाठी ती कामाला लावली. नारू म्हणजे काय, हे घरातील वृद्धांना विचारा. साठवणीच्या पाण्यातून शरीरात शिरायचे आणि पायातून हातभर लांब कृमी बाहेर पडायचा. त्यावर लस नाही, औषध नाही. पाणी गाळून प्या आणि नारू झालेला पाय पाण्यात घालू नका, हे गावोगाव शिकवणे एवढाच उपाय. आपला देश स्वतःच्या मोहिमेने २००० साली नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत या कामात कार्टर यांची संस्था पुढे होती. १९८६ साली जगात सुमारे पस्तीस लाख लोकांना नारू होई, २०२४ साली अवघे पंधरा रुग्ण आढळले. त्याच वर्षी डिसेंबरात कार्टर वारले.

अध्यक्षपदाची गोष्ट सोडली तरी पराभव आपल्या घरचाही आहे. ज्या राज्यघटनेचा मसुदा बाबासाहेबांनी तयार केला, तिच्याखाली झालेल्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत, १९५२ साली, ते मुंबईत पडले. त्यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तोही फेटाळला गेला. त्यांनी जमाव उठवला नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा पडले. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी लाखो लोकांना धम्माचा मार्ग दाखवला. मतपेटीतून आपण त्यांना निवडून देऊ शकलो नाही. त्यांनी मात्र आपल्याला सोडले नाही.

तेव्हा, वाचकहो, उद्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुम्ही स्वतः पडलात, तर दार लावून बसू नका. तक्रार असेल तर कायद्याने करा, आणि ते दार बंद झाले की चारचौघांत निकाल मान्य करा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांनी मत दिले त्यांच्या वस्तीत जा. तेथे एखादी म्हातारी तुमची वाट पाहत बसलेली असेल.