वय आणि संचय

वयानुसार संपत्तीची तुलना करण्यासाठी पगाराचा आडाखा वापरतात: तिशीला बचत एका वर्षाच्या पगाराइतकी, चाळिशीला तिप्पट, साठीला आठपट. आकडा वयाबरोबर वाढलाच पाहिजे, हे यात गृहीत असते. आश्रमव्यवस्थेचा हिशेब वेगळा होता. मिळवणे आणि साठवणे हे गृहस्थाचे काम. केस पिकले, नातवंड दिसले की मनुस्मृती वानप्रस्थाकडे वळायला सांगते. म्हणजे त्यानंतर संचयाचा आलेख उतरायला हवा. वार्धक्यातल्या औषधपाण्याचे काय, हा प्रश्न त्या काळी एकत्र कुटुंबावर सोपवलेला होता, हे मात्र विसरता येत नाही.

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी हा आलेख आखलाच नाही. विशीत त्यांनी शिक्षणाची प्रमाणपत्रे जाळली आणि 1916 मध्ये ते गांधींच्या आश्रमात गेले. चोपन्नाव्या वर्षी, 1950 मध्ये, पवनारला त्यांनी पैशावाचून जगण्याचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू केला. पुढच्याच वर्षी जमिनीचे दान मागणारी त्यांची भूदान चळवळ आली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी ही मागणी होती. जमिनीऐवजी पैशाचा वाटा मागणाऱ्या संपत्तिदानात तर पैसा दात्याकडेच राही. ठरलेला हिस्सा त्याने समाजासाठी खर्चून हिशेब द्यायचा. बचतीला इथे मनाई नाही, एकट्याच्या मालकीला आहे. संसारी माणसाला कांचनमुक्ती झेपणारी नाही, सहावा हिस्सा झेपण्यासारखा आहे.