मागे राहिलेले मूल

ज्या घरात थोरली भावंडे परीक्षांत वर येतात, त्या घरात एखादे मूल मंद चालीचे निघाले, तर आईबापांस ते कुळास लागलेले उणे वाटते. हा विचार न्याय्य आहे काय?

कलकत्त्याच्या ठाकूर घराण्याकडे पाहावे. सत्येंद्रनाथ ठाकूर हे १८६३ साली सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस उतरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधु रवींद्रनाथ यांचे मन मात्र कोणत्याच शाळेत रमले नाही. तथापि पिता देवेंद्रनाथ यांनी त्यांस टाकिले नाही. १८७३ साली हिमालयात बरोबर नेऊन स्वतः संस्कृत शिकविले व ताऱ्यांची ओळख करून दिली. १८७८ साली त्यांस विलायतेस धाडिले, तेथूनही ते १८८० साली पदवीवाचून परतले.

पुढे १९१३ साली रवींद्रनाथांस नोबेल पारितोषिक मिळाले खरे. पण आम्ही हे उदाहरण त्याकरिता देत नाही. प्रत्येक मूल कीर्तिमान होईलच असे नाही. कीर्ति न मिळती, तरी पित्याची ती वागणूक योग्यच ठरली असती.

शेतकरी बाजरी व तूर एकाच पावसावर पेरितो. बाजरी काढणीस आली म्हणून तो हिरवी तूर उपटीत नाही. तिची राखणही सोडीत नाही. आईबापहो, धीर म्हणजे हेळसांड नव्हे. मुलास रोज शिकवा, परंतु भावाच्या मापाने त्यास मोजू नका. ते घराण्याच्या नावाकरिता जन्मले नाही. ती आपणावर सोपविलेली ठेव आहे.